कूट बिघडलं की बटर होतं : घरच्या मिक्सरवर दाण्याचं बटर आणि त्याची भावंडं

माझा भाचा सांगलीत विश्रामबागला खोली घेऊन राहतो. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. सकाळी जिम, संध्याकाळी भडंग, आणि मधल्या वेळात काय खातो ते त्याच्या आईला न सांगितलेलं बरं. मागच्या पावसाळ्यात तो एक प्लास्टिकची बरणी घेऊन आमच्याकडे आला. "मावशे, हे बघ. प्रोटीन हाय यात." मी झाकण उघडून चमच्याच्या टोकावर घेऊन चाखलं. आधी साखर लागली, मग मीठ, आणि पार मागं कुठंतरी दाणे. किंमत ऐकली आणि मनात हिशेब केला, तेवढ्यात दोन किलो दाणे आले असते.

"अरे, हे बिघडलेलं दाण्याचं कूट आहे," मी म्हटलं.

तो हसला, पण मी ते गमतीनं म्हटलं नव्हतं. कूट करताना मिक्सर जरा जास्त फिरला की काय होतं ते आपल्या घरात सगळ्यांना माहीत असतं. कूट मोकळं राहत नाही, भांड्याच्या कडेला चिकटतं, तेल सुटायला लागतं. आई ओरडते, "बंद कर, तेल सुटलं!" ती जिथं ओरडते, तिथून पुढं पीनट बटर सुरू होतं. चार-पाच मिनिटं आणखी फिरवायचं, एवढाच काय तो फरक. त्या दिवशी भाच्याला समोर बसवून करून दाखवलं. तेव्हापासून त्याच्या खोलीतली चार पोरं माझ्याकडून शिकून गेली. त्यांना जे जे सांगितलं, आणि मी स्वतः जे नासवून शिकले, ते इथं क्रमानं लिहिते.

पहिल्यांदा करत असाल तर बदाम-काजूच्या वाटेला जाऊ नका. शेंगदाण्यानं सुरुवात करा. स्वस्त असतो, लवकर दळला जातो, आणि बिघडला तर आमटीत घालता येतो.

सामान

पाव किलो कच्चे शेंगदाणे, पाव चमचा मीठ, आणि ज्याचं पातं बोथट झालेलं नाही असा मिक्सर. एक कढई, एक परात, एक सूप. सूप नसेल तर परातीवर फुंकर मारूनही चालतं, फक्त ते गॅलरीत करा. रबरी किंवा लाकडी चपटा चमचा असला तर भांड्याच्या कडा खरवडायला बरं पडतं. काचेची बरणी धुऊन उन्हात वाळवून ठेवा. ती पूर्ण कोरडी हवी, यावर पुढं मी पुन्हा बोलणार आहे, कंटाळा येईल इतकं.

पहिली पायरी : दाणे आणताना

मार्केट यार्डात किंवा किराणा दुकानात गेलात तर स्पॅनिश, घुंगरू, जाडा अशी नावं कानावर पडतील. शेजारच्या कराडच्या नावानं तर भुईमुगाचा एक जुना वाणच आहे, कराड ४-११. पण दुकानदाराला वाण विचारण्यापेक्षा दोन दाणे तोंडात टाका. कच्चा दाणा चावल्यावर गोडसर, दुधाळ लागला पाहिजे. शेवटी घशाशी कडवट किंवा जुन्या तेलासारखा वास आला तर दाणा खवट आहे. खवट दाणा भाजला म्हणजे सुधारतो हा गैरसमज आहे. कुटात तो कदाचित झाकून जाईल, बटरमध्ये दहापट ओरडेल. मी एकदा सणाच्या गर्दीत न चाखता दोन किलो आणले होते. ते सगळे शेवटी चिमण्यांना गेले, आणि चिमण्याही फार उत्साही दिसल्या नाहीत.

घरी आल्यावर ताटात पसरून निवडा. काळे पडलेले, सुरकुतलेले, पोचट आणि ज्यांच्यावर हिरवट-पिवळट बुरशी दिसते ते दाणे फेकून द्या. इथं काटकसर नको. ओलसर साठवलेल्या शेंगदाण्यावर येणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक असतं आणि भाजल्यानं पूर्ण जात नाही. चार दाणे गेले तर जाऊ देत.

बाजारात भाजलेले, सोललेले, खारे दाणेही मिळतात. घाई असेल तर सोललेले बिनखारे घ्या. खारे घेऊ नका, मीठ किती पडलंय ते आपल्या हातात राहत नाही.

दुसरी पायरी : भाजणं

घाई केली तर सगळं इथंच बिघडतं. मंद आचेवर जाड बुडाची कढई, त्यात पाव किलो दाणे, आणि बारा ते पंधरा मिनिटं सतत हलवत राहायचं. आच मोठी केली तर साल काळी पडते आणि आत दाणा कच्चाच राहतो. कच्च्या दाण्याच्या बटरला हरभऱ्याच्या हिरव्या पाल्यासारखी चव येते. शेंगदाणा खरं तर सुकामेवा नाहीच, तो हरभऱ्या-वाटाण्याच्या कुळातला शेंगवर्गीय आहे, आणि कच्चा असला की कुळ दाखवतो.

आधी काही होत नाहीसं वाटतं. मग एखाददुसरा दाणा तडकतो. मग वास सुटतो, आणि शेजारच्या फ्लॅटमधलं कुणीतरी "काय भाजताय?" म्हणून विचारतं. तेव्हा एक दाणा काढा, थंड होऊ द्या, दोन बोटांत चोळा. साल सहज सुटली आणि आतला दाणा फिक्या बदामी रंगाचा दिसला की गॅस बंद. कढईतच ठेवू नका, लगेच परातीत काढा. गरम कढईत दाणे आणखी भाजले जातात.

मायक्रोवेव्ह असेल तर पसरट भांड्यात एकेक मिनिटानं हलवत चार-पाच मिनिटं पुरतात. खोलीवर राहणाऱ्या पोरांनी हेच करावं. कढई राखून ठेवण्याएवढा संयम त्या वयात मी फार कमी जणांत पाहिलाय.

दाणे हाताला सोसतील एवढे कोमट झाले की परातीत तळहातानं रगडा आणि सुपानं पाखडा. फोलपटं राहिली तर बटर किंचित कडसर आणि ठिपक्याठिपक्यांचं होतं. थोडी राहिली तर बिघडत नाही. मला स्वतःला थोडी ठिपकेदार चव आवडते, घरातल्या बाकीच्यांना नाही.

एक महत्त्वाचं. दाणे वाफाळत असताना मिक्सरमध्ये घालू नका. बंद भांड्यात वाफ कोंडते, तिचं पाणी होतं, आणि पाणी आपल्या कामाचा शत्रू आहे. अगदी गार दाणेही नकोत. कोमट दाण्यातलं तेल पातळ असतं, लवकर सुटतं.

तिसरी पायरी : मिक्सरपुढं बसणं

पाव किलोच्या आत घेऊ नका. दाणे पात्याच्या वर आले पाहिजेत, नाहीतर पातं हवेतच फिरतं आणि दाणे कडेला बसून मजा बघतात. मधलं किंवा चटणीचं भांडं घ्या, मोठं रसाचं भांडं नको.

वीस सेकंद फिरवा, थांबा. झाकण उघडा, कडा खरवडून खाली ढकला. पुन्हा वीस सेकंद. असं सुरू ठेवायचं. यात कुठल्या टप्प्यावर काय दिसतं ते माहीत असलं की धीर सुटत नाही.

पहिल्या मिनिटात कूट होतं. हे रोजचं, ओळखीचं. मिक्सरचा खडखडाट थांबून घरघर सुरू होते.

दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटात कूट ओलसर होऊन कडेला थापलं जातं. मिक्सर मोकळाच फिरतो, कारण पात्याजवळ काही उरलेलंच नसतं. खरवडा, खाली आणा, फिरवा.

मग येतो तो टप्पा, जिथं नव्वद टक्के लोक हार मानतात. सगळ्याचा एक जाड, कोरडा, लाडवासारखा गोळा होतो. तो पात्याभोवती फिरतो, मिक्सर जड आवाज काढतो, भांडं तापतं. इथं हात तेलाच्या बाटलीकडे जातो. थांबा. पाच मिनिटं मिक्सर बंद ठेवा, चहा घ्या, गोळा चमच्यानं फोडा आणि पुन्हा वीस-वीस सेकंद.

आणि मग, काही न घालता, एका फेरीत तो गोळा ढासळतो. आवाज एकदम मऊ होतो, चपचप असा. झाकण उघडलं तर आत चकचकीत, सरसरीत पीठ, डोशाच्या पिठाहून जरा घट्ट. भाच्यानं पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा त्यानं मला विचारलं, "मावशे, तू गुपचूप तेल घातलंस काय?"

तेल घालायची गरजच पडत नाही. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं वजन तेलाचंच असतं. ते दाण्याच्या बारीक पेशींत कोंडलेलं असतं. पातं पेशी फोडतं, घर्षणाची ऊब ते पातळ करते, आणि पुरेशा पेशी फुटल्या की घन कण तेलात तरंगू लागतात. गोळा ढासळतो तो याच क्षणी. सोलापूरकडं शेंगदाण्याची चटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटतात, ती याच वाटेवर अर्ध्यात थांबलेली असते. ती रवाळ असते म्हणून चटणी, हे गुळगुळीत होतं म्हणून बटर.

दाणे जुने, सुकलेले असतील आणि विश्रांती देऊनही गोळा सुटत नसेल, तर एक चमचा शेंगदाण्याचं तेल घाला. लाकडी घाण्याचं असेल तर वासही छान लागतो.

मिक्सर मध्येच बंद पडला तर घाबरू नका. बऱ्याच मिक्सरच्या बुडाशी लाल बटण असतं. मोटर तापली की ते बाहेर येऊन मोटरला वाचवतं. प्लग काढा, पंधरा मिनिटं थांबा, बटण दाबा, पुन्हा सुरू. पण ही वेळ येऊ देऊ नका. खोलीवरच्या लहान मिक्सरला तर दर अर्ध्या मिनिटानं दम खाऊ द्या. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं जातात, त्यात मिक्सर प्रत्यक्ष फिरतो तो पाच-सहा मिनिटंच.

रवाळ हवं असेल तर सुरुवातीच्या जाडसर कुटातून दोन चमचे बाजूला काढून ठेवा आणि शेवटी हातानं मिसळा. शेवटी दाणे घालून पुन्हा फिरवायला गेलात तर तेही गुळगुळीत होऊन बसतात.

मीठ, गोडवा आणि पाण्याची भीती

मीठ सर्वांत शेवटी, पाव चमचा. घातल्यावर एक फेरी. उपासाला लागणार असेल तर सैंधव घाला किंवा काहीच घालू नका.

गोड हवं असेल तर कोरडी गूळ पावडर किंवा पिठीसाखर. चिक्कीचा चिकट, ओलसर गूळ किसून घातला तर बटर घट्ट होतं. मधानं तर हमखास होतं. भाच्यानं घरी गेल्यावर उत्साहानं तीन चमचे मध घातला आणि संध्याकाळी फोन केला, "सिमेंट झालंय." दाण्यातल्या प्रथिनांना आणि पिष्टाला ओलावा मिळाला की ते फुगून एकमेकांना चिकटतात, तेल बाहेर राहतं, आणि सगळं घट्ट होतं. पाण्याचे चार थेंबही पुरतात. मध खायच्या वेळी वरून घ्यावा.

असं आळून बसलं तर आणखी तेल ओतून ते परत सैल होत नाही. त्याऐवजी कोमट पाणी भरपूर, चमच्याचमच्यानं घालत फेटा. मग ते मलईसारखं होतं, पण आता ते बटर राहिलेलं नसतं, सॉस झालेला असतो. काकडीवर, कोशिंबिरीवर, उकडलेल्या बटाट्यावर घाला आणि दोन दिवसांत संपवा.

बरणी कोरडी हवी, चमचा कोरडा हवा, हात कोरडा हवा. सांगितलं होतं ना, पुन्हा बोलणार म्हणून.

ठेवायचं कसं

घरच्या बटरवर तेल वर येणारच. ते बिघाडाचं लक्षण नाही. विकतच्या बरणीत ते येत नाही, कारण त्यात बहुतेक वेळा घट्ट केलेलं वनस्पती तेल मिसळलेलं असतं. ही युक्ती अमेरिकेत जोसेफ रोझफील्ड यांनी १९२० च्या दशकात बाजारात आणली. आपण साधं करायचं. पहिले दोन दिवस बरणी उलटी ठेवायची, मग सरळ करून कोरड्या चमच्यानं तळापासून ढवळायचं आणि फ्रीजमध्ये. गार झालं की तेल फारसं वर येत नाही. फ्रीजमध्ये दोन महिने आरामात राहतं. बाहेर ठेवायचं तर सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांत संपेल इतकंच करा. वास जुन्या तेलासारखा आला की टाकून द्या, चव घेत बसू नका.

शेंगदाणा जमला, आता बाकीचे

एकदा हात बसला की घरातल्या प्रत्येक डब्याकडे आपण वेगळ्या नजरेनं बघायला लागतो. मीही तशी वेडी झाले होते. त्या महिन्याभरातलं जे कामाचं निघालं तेवढं सांगते.

काजू सगळ्यात सोपा. अख्खा काजू आणू नका, तुकडा किंवा पाकळी आणा. चव तीच, पैसे कमी. आपल्याकडे आजरा-चंदगडकडचा आणि कोकणातला काजू सहज येतो. सहा-सात मिनिटं अगदी मंद भाजा, रंग बदलायच्या आत उतरवा. तीन-चार मिनिटांत लोण्यासारखा होतो. तो मुळातच गोडसर आहे, साखर घालू नका. चिमूटभर वेलची घातली तर काजूकतलीचा भास होतो. लहान मुलांना हा द्या, नंतर शेंगदाण्याकडे बघणार नाहीत. ही धोक्याची सूचना समजा.

तीळ म्हणजे संक्रांतीला उरलेला डबा. पांढरे तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत, तीन-चार मिनिटं. लाल झाले तर कडू होतात. तिळात तेल शेंगदाण्याएवढंच असतं, पण दाणा इतका बारीक की घरच्या मिक्सरच्या पात्याला तो नीट सापडत नाही. म्हणून दोन चमचे तेल घालावं लागतं, किंवा निम्मे भाजलेले शेंगदाणे मिसळावेत. नुसत्या तिळाचं केलं तर तीच अरबी लोकांची ताहिनी. तिच्यात गूळ पावडर मिसळून पोळीला लावली की ओली गुळपोळी. आमच्या घरी शेंगदाण्याइतकंच हे संपतं.

बदामानं माझा अंत पाहिला. पहिल्यांदा मी शहाणपणा केला. रात्री भिजवले, सकाळी सोलले, फडक्यानं पुसले आणि मिक्सरला लावले. दहा मिनिटं फिरवलं, झाला तो ओला मावा. दोनदा तेल घातलं, तरी मावाच. शेवटी त्याची बर्फी केली आणि सगळ्यांना सांगितलं की बर्फीच करायची होती. भिजवलेला बदाम वरून कोरडा दिसला तरी आतून ओला असतो. बदाम सालासकट, न भिजवता, मंद आचेवर दहा मिनिटं भाजा आणि कोमट असताना दळा. तो शेंगदाण्याच्या दुप्पट वेळ घेतो. गोळ्याचा टप्पा इतका लांबतो की हे कधी होणारच नाही असं वाटतं. होतं. मिक्सरला अधूनमधून दहा मिनिटांची सुट्टी द्या. बदाम शेंगदाण्याच्या कितीतरी पट महाग, त्यामुळे पहिल्या खेपेला निम्मा काजू मिसळा. लवकर सुटतं आणि चवही गोल होते.

सुक्या खोबऱ्याचं बटर फार कमी लोक करतात, का ते कळत नाही. पाठ काढून पातळ काप करा, किंचित गरम करा, फिरवा. त्यात तेल इतकं असतं की चटकन पातळ होतं. गंमत अशी की खोबरेल साधारण २४-२५ अंशांखाली गोठतं. म्हणून हेच बटर जानेवारीच्या सकाळी वडीसारखं कडक आणि मे महिन्यात आमटीसारखं वाहतं.

अक्रोड पटकन होतो, पण सालीमुळे तुरट लागतो आणि लवकर खवट होतो. थोडाच करा, फ्रीजमध्येच ठेवा. जवस आणि कारळे स्वतंत्र बटरला चालत नाहीत, टरफल जाड असतं. शेंगदाण्यात चौथा भाग भाजलेला जवस घाला, चव दाट होते. कारळ्याचं केलं तर त्यात लसूण आणि तिखट घाला आणि चटणीच म्हणा. ओढूनताणून बटर म्हणण्यात अर्थ नाही.

खायचं कशाबरोबर

भाचा ब्रेडवर लावून खात होता. वाईट काहीच नाही, पण आपल्या घरात याहून चांगल्या जागा आहेत.

पहिली जागा भाकरी. शाळूची गरम भाकरी, तिचा पापुद्रा उचलून आत दाण्याचं बटर, वर लसणाच्या चटणीचं बोट आणि बाजूला फोडलेला कांदा. बिनसाखरेचंच बटर हवं. जत-कवठेमहांकाळकडची कडक भाकरी असेल तर तिचा तुकडा बटरमध्ये बुडवून खा. माझी आत्या त्या बाजूची. तिला मी हे दिलं, तिनं चव घेतली आणि म्हणाली, "म्हंजे दाण्याची चटणीच की गं, मीठ-मिरची इसरलीस हुय?" मग तिनं स्वतःच त्यात तिखट-मीठ घालून सगळी वाटी संपवली.

शिळ्या पोळीची सुरळी हा आमचा चार वाजताचा पदार्थ. पोळी तव्यावर कडक करा, काजूचं किंवा दाण्याचं बटर पसरा, वर चिरलेला बेदाणा. तासगावचा बेदाणा जवळ असताना जॅम कशाला आणायचा? सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे, पण ते सोडा, तो हिरवट लांबट बेदाणा खारट बटरबरोबर चावला की जे होतं ते मानांकनाच्या कागदावर लिहिता येत नाही. हिवाळ्यात सातारकडून महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते. तिचे काप घातले तर मुलं स्वतःहून पोळी मागतात.

केळं उभं चिरून मध्ये एक चमचा बटर. जिमवाल्यांना एवढं पुरे.

स्वयंपाकात तर हे हाताशी असलं की वेळ वाचतो. कृष्णाकाठची वांगी करताना मसाल्यात कूट घालतोच, त्याऐवजी दोन चमचे बटर रश्शात सोडा. रस्सा मिनिटभरात दाट होतो आणि तवंग येतो. आधी वाटीत थोड्या गरम पाण्यात कालवून मग सोडा, नाहीतर गुठळ्या होतात. उपासाची दाण्याची आमटीही अशीच. तीन मोठे चमचे बिनमिठाचं बटर, दोन वाट्या पाणी, जिरं, हिरवी मिरची, एक आमसूल, उकळी. वरीच्या भातावर ओता. काकडीच्या कोशिंबिरीत कुटाऐवजी एक चमचा बटर दह्यात फेटून घातलं तर कोशिंबीर मऊ होते. पण मला तिथं कूटच आवडतं, दाताखाली काहीतरी आलं पाहिजे.

भडंगावर बटर टाकायचा प्रयोगही पोरांनी केला. कुरमुरे जागच्या जागी मऊ पडले. भडंगाला त्याच्या वाटेनं जाऊ द्या.

विकत घ्यायचंच असेल तर

मिक्सर नसेल, वेळ नसेल, तर विकत घेण्यात काही कमीपणा नाही. फक्त बरणी फिरवून मागची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. पहिलं नाव शेंगदाणे आणि त्यानंतर फार तर मीठ, एवढीच यादी असेल तर उत्तम. दुसऱ्या क्रमांकावर साखर आली की ती मिठाई समजून खा. अमेरिकेत किमान ९० टक्के दाणे असल्याशिवाय बरणीवर पीनट बटर असं लिहिता येत नाही. तुमच्या हातातल्या बरणीवर टक्केवारी छापलेली असेल तर तीही बघा. वर तेल तरंगताना दिसलं तर नाक मुरडू नका, तीच बरणी उचला.

आणि प्रोटीनचा जप करणाऱ्यांसाठी : एका मोठ्या चमच्यात, म्हणजे साधारण १६ ग्रॅममध्ये, प्रथिनं असतात चारेक ग्रॅम, स्निग्धांश आठ ग्रॅमच्या आसपास, आणि कॅलरी ९० ते १००. म्हणजे हा पदार्थ मुळात तेलाचा, प्रथिनं बरोबर येतात. दिवसाला एक-दोन चमचे ठीक. बरणी आणि चमचा घेऊन मोबाइलसमोर बसायचं नाही, तिथं हिशेब राहत नाही.

ज्यांना शेंगदाणा, तीळ किंवा सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी हा सगळा लेख निरुपयोगी आहे. पाहुण्यांना देताना आधी विचारा. आणि एकाच मिक्सरच्या भांड्यात सगळं दळलेलं असतं हेही सांगा, नुसतं काजूचं म्हणून दिलं तरी त्यात दाण्याचा अंश असू शकतो. तान्ह्या आणि लहान मुलांना घट्ट बटरचा गोळा चमच्यानं भरवू नका, घशात अडकतो. पोळीवर पातळ पसरून किंवा पेजेत कालवून द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं तर अजिबात नको.

शेवटी भांडं

बटर काढून झाल्यावर मिक्सरच्या भांड्यात, पात्याखाली, दोन-तीन चमचे तरी अडकून राहतं. ते खरवडत बसू नका, बोट कापतं. ते पात्याखालचं तसंच राहू द्या आणि त्यात दोन वाट्या कोमट पाणी, एक हिरवी मिरची, जिरं आणि मीठ घालून एकदा फिरवा. भांडं निम्मं धुतलं जातं आणि रात्रीची आमटी आपोआप तयार होते. भाच्याच्या खोलीवर मात्र त्यात कॉफी आणि दूध घालून फिरवतात म्हणे. मी अजून प्यायले नाही.